एवढ्याशा गावात तीन बालवाड्या

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या गावच्या पारापाशी पिवळी व्हॅन येऊन थांबते आणि तीन ते सहा वर्षे वयाची चौदा मुले तिच्यात बसून अकरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी एलकेजी-यूकेजीला जातात. साडेनऊच्या सुमारास जिल्हा परिषद शाळेच्या एका खोलीत नऊ मुलांचा बालवर्ग भरतो. त्याला शासनाने नेमलेली शिक्षिका नाही, लोकवर्गणीतून महिना अडीच हजार रुपये देऊन गावातलीच बारावी झालेली एक मुलगी शिकवते. त्याच आवारात, मधला कडुनिंब आणि हातपंप ओलांडला की अंगणवाडी आहे. तिच्या पटावर सत्तावीस नावे आहेत, कारण बालवर्गातली नऊ मुलेही आहारासाठी तिथेच नोंदलेली आहेत. ती अकराच्या पुढे आपापल्या वाट्या घेऊन येतात, खिचडी खातात आणि परत बालवर्गाच्या खोलीत जातात. उरलेल्या अठरांपैकी कोणत्याही दिवशी अकरा-बारा हजर असतात.

नऊशे-साडेनऊशे वस्तीच्या गावात एकेचाळीस मुलांसाठी शाळापूर्व शिक्षणाचे तीन पर्याय असणे ही वरवर पाहता श्रीमंती वाटते, आणि गटशिक्षण कार्यालयातल्या एका बैठकीत मी ती तशी वर्णिलेलीही ऐकली आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर चार वर्षे काढल्यानंतर माझे मत उलटे झाले आहे. शहरात पर्याय वाढले तर त्यांच्यात निदान चढाओढ होते. लहान गावात पर्याय वाढले की मुले वाटली जातात, आणि वाटली गेलेली मुले, माणसे व पैसा यांतून एकही बालवाडी धड उभी राहत नाही. यातला अंगणवाडी हा एकच पर्याय गावातल्या प्रत्येक मुलासाठी आहे, आणि तिथेच शिकवायला माणूस नाही. ते माणूस शेजारच्या खोलीत बसलेले आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

अंगणवाडी या शब्दाचे मूळ महाराष्ट्रातल्या बालशिक्षणाच्या प्रयोगात आहे, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी उघडून बसले तरी गरीब पाड्यांवरची मुले येत नाहीत, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी आणि गुरांमागे जाण्यासाठी ती घरीच राहतात, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. चौकटीबाहेर जाऊन कोसबाडच्या टेकडीभोवतीच्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. अंगणातली ती बालवाडी म्हणजे अंगणवाडी. तिच्या केंद्रस्थानी शिकणे होते: शिंपले, बिया, पाने, माती, गाणी, गोष्टी. आंघोळ आणि खाऊ त्याच्या जोडीला होते, कारण खरजेने हैराण झालेले, उपाशी मूल गोष्ट ऐकत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. योजनेत सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरजूंना मोठ्या दवाखान्यात पाठवणे), पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण. कागदावर सहाही समान आहेत. प्रत्यक्षात पहिल्या पाचांचा हिशेब वर जातो आणि सहावीचा जात नाही. ज्या कामाचा हिशेब कोणी मागत नाही, ते काम सरकारी व्यवस्थेत कसे मागे पडते हे वेगळे सांगायला नको.

कायद्यानेही या वयाला कायम अर्धवट जागा दिली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, आणि सहा वर्षांखालच्या मुलांचे संगोपन व शिक्षण मात्र अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे राज्याने 'प्रयत्न करावा' अशा मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे अकरावे कलमही शासन आवश्यक व्यवस्था करू शकेल एवढेच म्हणते. परिणामी पहिलीचे मूल शाळेत आले नाही तर शिक्षक त्याच्या घरी जातात; चार वर्षांचे मूल अंगणवाडीत आले नाही तर त्याचे वजन राहिले म्हणून सेविका घरी जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय एकत्र धरून त्याला पायाभूत टप्पा म्हटले आणि २०३० पर्यंत सर्वांना दर्जेदार शाळापूर्व शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ही मोठी गोष्ट आहे. पण ते शिक्षण कोण देणार, याचे उत्तर देताना धोरणाने चार वाटा सांगितल्या: स्वतंत्र अंगणवाड्या, प्राथमिक शाळेच्या आवारातल्या अंगणवाड्या, प्राथमिक शाळांना जोडलेले पूर्वप्राथमिक वर्ग आणि स्वतंत्र बालशाळा. कोणत्या गावात कोणती वाट घ्यायची याचा निर्णय खाली कोणी घेत नाही. जो तो आपल्याला सोयीची वाट उघडतो, आणि एकेचाळीस मुलांच्या गावात तीन वाटा उघडतात.

गेल्या पावसाळ्यात मी लागोपाठ काही दिवस सकाळी अंगणवाडीत जाऊन बसलो होतो, त्यातल्या एका सकाळचे सांगतो. साडेदहाला मुले गोल करून बसली होती आणि सेविकाताईंनी अंगणवाडीसाठीच्या 'आकार' अभ्यासक्रमातला वर्गीकरणाचा खेळ काढला होता. सतरंजीवर चिंचोके, सीताफळाच्या बिया, बाटल्यांची झाकणे आणि खडे एकत्र ओतलेले, आणि मुलांनी ते वेगळे करायचे. सव्वाचार वर्षांची एक मुलगी इतरांसारखे चार ढीग न करता दोनच करून बसली. ताईंनी विचारले, "हे कसं काय गं?" ती म्हणाली, "हे उगवतंय, हे उगवत नाही." चिंचोके आणि सीताफळाच्या बिया एका बाजूला, झाकणे आणि खडे दुसऱ्या बाजूला. त्या उत्तरावर एखादी शिक्षिका अर्धा तास घालवू शकली असती. उगवतं म्हणजे काय, तू कुठे पाहिलंस, खडा पेरला तर काय होईल, आपण पेरून बघायचं का. ताईंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले, पुढचा प्रश्न तोंडावर आला होता हे मला दिसले, आणि तेवढ्यात दारात दोन स्तनदा माता येऊन उभ्या राहिल्या.

त्यांना घरपोच आहाराची पाकिटे न्यायची होती. आता पाकीट देण्याआधी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. खोलीत रेंज नाही, म्हणून ताई मोबाईल घेऊन कडुनिंबाखाली गेल्या. एकीचा चेहरा जुळला, दुसरीचा जुळेना. डोळे मिचकावा, पदर मागे घ्या, उजेडाकडे वळा, असे पंचवीस मिनिटे चालले. मदतनीस शेगडीपाशी होत्या. सतरंजीवरच्या मुलांनी आधी झाकणांच्या गाड्या केल्या, मग खडे एकमेकांवर फेकले, मग एकाच्या कपाळाला लागले. ताई परत आल्या तोवर खिचडी वाढायची वेळ झाली होती आणि उगवण्याचा विषय कायमचा गेला होता.

या बाईंना कामचुकार म्हणणारे लोक गावात आहेत. त्यांनी तिच्या कामांची यादी एकदा समोर ठेवावी: सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी घरोघर निरोप, आहाराचा साठा आणि वाटप, मातृवंदना योजनेचे अर्ज, प्रकल्प कार्यालयातल्या बैठका, पोषण माह आला की रोजचा उपक्रम आणि त्याचे फोटो, आणि कधी कधी मतदारयादीचेही काम. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही सेविकांकडे आले तेव्हा आमच्या अंगणवाडीत आधार कार्डे घेऊन बसलेल्या बाया होत्या आणि मुले ओट्यावर होती. यातले कोणतेही काम बिनमहत्त्वाचे नाही. आईचे हिमोग्लोबिन आणि बाळाचे वजन यांची थट्टा करण्याइतका मी मूर्ख नाही. पण हे सगळे एकाच बाईने करायचे आणि त्यातून उरलेल्या वेळात तीन वेगवेगळ्या वयांच्या मुलांना भाषा, गणिताची पूर्वतयारी आणि खेळ शिकवायचे, ही अपेक्षा ठरवणाऱ्याने एकही सकाळ त्या सतरंजीवर काढलेली नसावी.

'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम केंद्राने मे २०२३ मध्ये सुरू केला आणि अंगणवाडीत दररोज किमान दोन तास शिकणे व्हावे असे म्हटले. नाव चांगले आहे, हेतूही चांगला आहे. पण सेविकेच्या दिवसात ते दोन तास कोणत्या कामातून काढायचे हे त्यात कुठे आले नाही. शिकवणाऱ्या हाताला मोल किती, हेही पाहायला हवे. केंद्राने ठरवलेले सेविकेचे मानधन २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाले आणि तिथेच थांबले. महाराष्ट्रात वरची भर राज्य घालते, तीही संप केल्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनिसांचा संप सुरू झाला तो जानेवारी उलटत आला तरी चालू होता, आणि त्या काळात व्हॅनला आमच्या गावातून तीन मुले नवीन मिळाली. ती परत आली नाहीत.

आता कामगिरीचे. आमच्याकडे शाळापूर्व शिक्षणाची कामगिरी दोन प्रकारे मोजली जाते आणि दोन्ही मापे चुकीची आहेत. शासन हजेरी, वजन आणि फोटो मोजते. पालक वही मोजतात. व्हॅनमधून उतरणाऱ्या मुलाच्या दप्तरात उभ्या रेघा, आडव्या रेघा, ए बी सी डी आणि एक ते पन्नास यांनी भरलेली वही असते. अंगणवाडीतून येणाऱ्या मुलाच्या हातात खिचडीची रिकामी वाटी असते. आईने काय निष्कर्ष काढावा? माझा स्वतःचा मुलगा दोन वर्षे याच व्हॅनने गेला, तेव्हा पालकांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तो साडेचार वर्षांचा असताना एक ते पन्नास घडाघडा म्हणायचा. एकदा चूल पेटवताना त्याच्या आजीने त्याला चार गोवऱ्या आणायला सांगितल्या, तर तो दोन्ही हातांत मावतील तेवढ्या घेऊन आला आणि "एवढ्या चार का?" असे तिलाच विचारू लागला. त्याला आकडे पाठ होते, चार म्हणजे किती ते माहीत नव्हते. त्याच वेळी शेजारच्या घरातली, अंगणवाडीत जाणारी त्याच्याच वयाची मुलगी भाकरी वाढताना माणसे मोजून थाळ्या मांडत असे. एका उदाहरणावरून मी सिद्धान्त मांडत नाही. पण पुढे जे अभ्यास वाचले त्यांनी माझा हा संशय खोडून काढला नाही.

दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ, ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहण्या करणारे असर केंद्र आणि युनिसेफ यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे चौदा हजार ग्रामीण मुलांचा चार ते आठ या वयात माग ठेवून केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळापूर्व शिक्षणाने मुलांची तयारी वाढते, पण ज्या दर्जाचे शिक्षण मिळते त्यामुळे ती फार वाढत नाही, आणि वयाला साजेसा अभ्यासक्रम सरकारी केंद्रांत नाही तसाच खाजगी केंद्रांतही नाही, असे त्यातून दिसले. सरकारी केंद्रांत शिकवणे थोडे, आणि खाजगीत पहिलीचे पुस्तक दोन वर्षे अलीकडे ओढलेले. २०१९ च्या असर अहवालाने चार ते आठ वयाच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा क्रम लावणे, वर्गीकरण, आकृतिबंध ओळखणे अशा कृतींत ज्यांची पकड चांगली होती त्यांचे भाषा आणि गणितही चांगले होते. म्हणजे उगवतंय-उगवत नाही असे ढीग करणारी ती मुलगी पहिलीची तयारीच करत होती, आणि वहीत रेघा ओढणारे मूल मुख्यतः रेघा ओढत होते. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: चार ते पाच वर्षांच्या मुलींपैकी ५६.८ टक्के सरकारी केंद्रांत किंवा शाळांत होत्या, मुलग्यांपैकी ५०.४ टक्के. आमच्या व्हॅनमधल्या चौदांत दहा मुलगे आहेत. घरात एकाचीच फी भरणे झेपत असेल तर ती कोणाची भरली जाते, हे यावर वेगळे काही न बोलताही कळते.

पटनोंदणीबाबत महाराष्ट्राला खरे तर तक्रारीला जागा नाही. २०२४ च्या असर अहवालात ग्रामीण भारतातली तीन वर्षांची ७७.४ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या शाळापूर्व केंद्रात नोंदलेली होती आणि महाराष्ट्र हा जवळजवळ सर्व मुले नोंदलेल्या राज्यांपैकी एक होता. नाव नोंदवणे ही लढाई आपण जिंकलो आहोत. आत गेल्यावर काय होते ही लढाई सुरूच झालेली नाही.

यावर उपाय काय, याबद्दल आपल्याकडे मतांचा तोटा नसला तरी पुराव्याचा आहे. म्हणून तमिळनाडूतला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३२० अंगणवाड्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या ठिकाणी केवळ शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी आणखी एक व्यक्ती दिली. बाकी काही बदलले नाही. मुलांचा शिकण्याचा वेळ दुपटीने वाढला, दीड वर्षाने भाषा आणि गणित या दोहोंत मुले स्पष्टपणे पुढे गेली, आणि ज्याची कोणी अपेक्षा धरली नसती ते म्हणजे अंगणवाडीत टिकून राहिलेल्या मुलांमधले खुजेपण आणि तीव्र कुपोषणही कमी झाले. कारण उघड आहे: शिकवण्याची जबाबदारी दुसरीने उचलल्यावर मूळ सेविकेला आहार आणि आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला. शिकवायला माणूस दिले तर पोषणाचे काय, अशी भीती घालणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मिळणार नाही.

आता आमच्या आवारात परत येऊ. जी अर्धवेळ व्यक्ती तमिळनाडूत प्रयोग म्हणून नेमावी लागली, ती आमच्या गावात आहेच. ती बालवर्गाच्या खोलीत नऊ मुलांपुढे बसलेली आहे आणि गावच तिला पैसे देते. ती तिथे का बसली आहे? शाळेचा पट टिकवण्यासाठी. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून एकतीस मुले. पट वीसच्या खाली आला तर शाळा बंद किंवा समायोजित होण्याची टांगती तलवार. एलकेजीला व्हॅनमध्ये बसलेले मूल पहिलीला व्हॅनमधून उतरत नाही, हे गुरुजींना पक्के ठाऊक आहे. म्हणून मूल चार वर्षांचे झाले की त्याला आपल्या दारात आणून बसवायचे. गुरुजींच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते. पण त्यांनी आणलेल्या नऊ मुलांपैकी व्हॅनमधून परत आलेली दोन आहेत आणि अंगणवाडीतून ओढलेली सात. खाजगीशी टक्कर द्यायला काढलेल्या वर्गाने सरकारीच्याच ताटातले वाढून घेतले. अंगणवाडीत राहिली ती तीन-साडेतीन वर्षांची मुले आणि ज्यांच्या घरी अडीचशे रुपये वर्गणी देणे जड जाते त्यांची थोडी मोठी मुले. चार-पाच वर्षांचे मूल शेजारी बसलेले असले की तीन वर्षांचे मूल त्याच्याकडे बघून अर्धे शिकते, तेही गेले. बालवर्गाला खोली मिळाली पण खेळसाहित्य नाही, कारण ते अंगणवाडीच्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची नोंद महिला व बालविकास विभागाची आहे. अंगणवाडीत साहित्य आहे पण शिकवायला वेळ नाही. मधे कडुनिंब.

दोन विभागांमधल्या या कडुनिंबाला बरीच वर्षे झाली आहेत. अंगणवाडीची पर्यवेक्षिका आणि शाळेचे केंद्रप्रमुख एकाच दिवशी गावात आल्याचे मी एकदाच पाहिले आहे, आणि तेही ग्रामसभेत स्वच्छता अभियानाच्या ठरावासाठी. अंगणवाड्या सरळ शिक्षण विभागाकडे द्याव्यात असे काही जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. तसे झाले तर तीन वर्षांखालची बाळे आणि गरोदर बायका पुन्हा कोणाच्याच राहणार नाहीत, शिवाय पहिलीच्या पुस्तकाचा ओढा अंगणवाडीच्या सतरंजीपर्यंत पोचेल. आपल्या शाळांना शिकवणे म्हणजे लिहायला लावणे वाटते ही सवय एका आदेशाने जात नाही. अंगणवाडी जिथे आहे तिथेच राहावी, पण सकाळचे दोन तास तिच्यात शिकवणारे स्वतंत्र माणूस असावे आणि त्या दोन तासांत गावातली तीन ते सहा वयाची सगळी मुले एकाच छपराखाली असावीत. शाळेने पटाची काळजी अशी करावी की बालवर्गाची ती मुलगी अंगणवाडीत शिकवते, पहिलीचे गुरुजी आठवड्यातून एकदा तिथे जाऊन मुलांना गोष्ट सांगतात, आणि जूनमध्ये मूल ज्यांना ओळखते त्यांच्याच वर्गात जाऊन बसते. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण करणारे मूल पहिलीत घेतात, म्हणजे जूनमध्ये काही मुले जेमतेम साडेपाच वर्षांची असतात. त्यांना अनोळखी इमारतीपेक्षा ओळखीच्या माणसाची गरज अधिक असते.

याला तीन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला इंग्रजीचा, आणि तो सर्वांत खरा आहे. पालक व्हॅनच्या फीमधून इंग्रजी विकत घेतात. मातृभाषेचे महत्त्व त्यांना सांगायला जाणारे बहुतेकजण आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालून आलेले असतात हे त्यांना दिसते. मग अंगणवाडीत इंग्रजी गाणी, वस्तूंची नावे, साधी वाक्ये तोंडी का नसावीत? त्याने मराठी बुडत नाही. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला इंग्रजी ऐकवणे आणि कोणत्याही भाषेतून विचार करू न देता त्याच्याकडून इंग्रजी अक्षरे गिरवून घेणे यांत फरक आहे, आणि तो पालकांना दाखवला तर कळतो. दुसरा आक्षेप असा की अंगणवाडीत 'सगळ्यांची' मुले येतात. हे वाक्य सभेत कोणी म्हणत नाही, पारावर म्हणतात, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. आमच्या अंगणवाडीतली सात-आठ मुले वरच्या वस्तीवरची आहेत, त्यांतली चार दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. व्हॅन ही काही घरांसाठी त्या मुलांपासून आपले मूल लांब नेण्याची सोय आहे. यावर युक्तिवाद करण्यात अर्थ नाही. सरपंचाचे नातवंड ज्या दिवशी त्या सतरंजीवर बसेल त्या दिवशी हा आक्षेप निम्मा होईल.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत लेचापेचा आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आमच्या पंचायतीने गेल्या तीन वर्षांत त्या पैशातून प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवरची दोन चित्रे आणि एक वजनकाटा घेतला. वजनकाटा आधीही होता. खुर्च्या लग्नकार्यात दिसतात. चौदा घरे व्हॅनवर आणि फीवर वर्षाला जे खर्चतात त्याचा हिशेब मी मांडला तेव्हा त्यात अडीच हजार मानधनाच्या दहा मुली नेमता आल्या असत्या. म्हणजे गावाकडे पैसा आहे, शिकवणारी मुलगी आहे, खोली आहे, 'आकार'चे साहित्य आहे, शिकवू पाहणारी सेविका आहे. ते सगळे एका जागी येत नाही, कारण ते वेगवेगळ्या खात्यांच्या आणि घरांच्या नावावर आहे.

एका गोष्टीची काळजी मला खरोखर वाटते, ती लिहून ठेवतो. अडीच हजारांवर राबणारी मुलगी हा उपाय म्हणून मी मांडतो तेव्हा मी शासनाला हवी तशीच पळवाट काढून देत असतो. सेविकांनीही पन्नास वर्षांपूर्वी 'मानसेवी' म्हणूनच सुरुवात केली होती, आणि त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला. लोकवर्गणीवर चालणारी दुसरी सेविका उभी करणे म्हणजे तोच अन्याय धाकट्या बहिणीच्या वाट्याला देणे होईल. म्हणून पंचायतीचा पैसा ही सुरुवातच असावी. अंगणवाडीतले शिकवणारे अर्धवेळ पद राज्याने मंजूर करावे, त्यासाठी धोरणात सांगितलेला बारावीनंतरचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम अट म्हणून ठेवावा, आणि मिनी अंगणवाड्यांचे पूर्ण अंगणवाड्यांत रूपांतर करताना मदतनिसाचे पद जसे नव्याने दिले गेले तसे हे द्यावे. ज्या गावात तीन ते सहा वयाची मुले पन्नासपेक्षा कमी आहेत तिथे शाळेला वेगळा बालवर्ग काढायला परवानगी नसावी. तिथला बालवर्ग म्हणजे अंगणवाडीच.

मार्चच्या ग्रामसभेत मी हा विषय ठेवला. बालवर्गाच्या मुलीने जूनपासून सकाळी साडेनऊ ते साडेअकरा अंगणवाडीत बसावे, मानधन महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून द्यावे, एवढाच ठराव होता. सेविकेने हात वर केला, गुरुजींनी थोडे थांबून केला, बाकी सभा चहाची वाट पाहत होती म्हणून विरोध झाला नाही. ठराव पंचायत समितीकडे गेला आणि मे महिन्यात परत आला. शेरा असा होता की सदर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावा हे स्पष्ट करावे, तसेच अंगणवाडीत बाहेरील व्यक्तीस बसविण्याबाबत संबंधित विभागाचे ना-हरकत पत्र जोडावे. ते पत्र मागायला मी दोनदा प्रकल्प कार्यालयात गेलो. दोन्ही वेळा तिथल्या बाई चांगल्या बोलल्या आणि असे पत्र आजवर कोणी मागितले नसल्याने त्याचा नमुना नाही, असे म्हणाल्या. नमुना मी लिहून दिला आहे. तोवर ती मुलगी अकराला आपल्या नऊ मुलांना रांगेत घेऊन कडुनिंबाखालून अंगणवाडीत येते, आणि हल्ली खिचडी निवेपर्यंत सगळ्यांनाच एक गोष्ट सांगते.